मोटर गप्प झाली म्हणजे जळाली असं नाही

(वह्या आणि कागदी पिशव्या बनवणाऱ्या गटांसमोर प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



आज कटिंग मशीनबद्दल बोलायचं आहे. समजा, जून तोंडावर आलाय. शाळेच्या वह्यांची ऑर्डर हातात आहे, कागदाचे गठ्ठे रचलेत. बटण दाबलं आणि मशीन सुरूच होईना. अशा वेळी कुणीतरी पटकन म्हणतं, "मोटर जळाली वाटतं." मग मोटर सोडवून तालुक्याला न्यायची, वाइंडिंगचा खर्च करायचा, आठ दिवस काम बंद. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आधी काय बघायचं आणि कुठे हात आखडायचा, हे गटातल्या प्रत्येकीला ठाऊक पाहिजे.

पहिला नियम हातांचा. मशीन बंद पडलं की आधी मेन स्विच बंद करा, पिन असेल तर काढा, आणि मगच जवळ जा. स्विच चालू ठेवून पात्याखाली अडकलेला कागद ओढायचा नाही. लाईट गेली म्हणून मशीन थांबलं असेल, तर लाईट आल्यावर साध्या स्विचवरचं मशीन आपोआप सुरू होतं. तेव्हा हात आत असेल तर काय होईल, ते मी सांगायला नको. लाईट गेली की स्विच बंद, ही सवयच लावून घ्या. पदर खोचलेला असू द्या, बांगड्या मागे सारा.

आता बटण दाबल्यावर मशीन काय करतं, ते कान देऊन ऐका. तीन प्रकार होतात.

पहिला प्रकार, मशीन एकदम गप्प. आवाज नाही, काही नाही. बहुतेक वेळा वीज मोटरपर्यंत पोचलेलीच नसते. बोर्डावरची एमसीबी खाली पडली आहे का बघा. लाल रंगाचं मोठं आपत्कालीन बटण दाबलेलं राहिलंय का बघा. ते बहुतेक मशीनवर फिरवून सोडावं लागतं. स्टार्टर असेल तर लाईट गेल्यावर तो आपोआप सुटतो, लाईट आल्यावर हिरवं बटण परत दाबावं लागतं. मोटरवर जास्त भार आला असेल तर स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले सुटलेला असतो. पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या आणि बाहेरचं रीसेटचं बटण एकदा दाबा. परत सुटला तर पुन्हा दाबायचं नाही, वायरमनला बोलवायचं. काही मशीनवर पात्यासमोरचं झाकण नीट बसल्याशिवाय मोटर चालूच होत नाही. झाकणाच्या स्विचजवळ कागदाचा भुसा साठला असेल, तर स्विच बंद करून ब्रशने झाडा. तो स्विच तारेने जोडून टाकायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. तो आपल्या बोटांसाठीच बसवलेला आहे.

दुसरा प्रकार, मोटर घूं घूं करते पण फिरत नाही. अशा वेळी लगेच बंद करा. "थोडा वेळ धरून बघू" म्हणून चालू ठेवली तर चांगली मोटर खरोखर जळते. सिंगल फेजची मोटर असेल तर पुष्कळदा तिचा कपॅसिटर गेलेला असतो. वाइंडिंगच्या मानाने ही स्वस्तातली दुरुस्ती आहे. पण त्याला आपण हात लावायचा नाही, कारण वीज बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो. थ्री फेजची मोटर असेल तर एखादा फेज गेलेला असू शकतो. खोलीतला दिवा लागतो म्हणजे तिन्ही फेज आहेत, असं समजू नका. दिव्याला एकच फेज पुरतो.

कमी दाबानेही असंच होतं. 230 व्होल्टच्या जागी 184 आले, म्हणजे दाब 20 टक्क्यांनी घटला, तर मोटरची सुरू होतानाची ताकद साधारण 64 टक्केच उरते. म्हणून संध्याकाळी न चालणारं मशीन सकाळी चालू शकतं. लांब, बारीक वायरीवरून वीज घेतली तरी दाब पडतो. आणि वीज बंद असताना पट्ट्यात सुतळी किंवा कात्रण अडकलंय का, ते नुसतं डोळ्यांनी बघा.

तिसरा प्रकार, मोटर फिरते आणि लगेच एमसीबी पडते, जळका वास येतो, किंवा मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. इथे आपलं काम संपलं. मेन बंद ठेवा, दुसऱ्या कुणालाही चालू करू देऊ नका. वायर उंदराने कुरतडली असेल, पावसाळ्यात ओल शिरली असेल, अर्थिंग तुटलं असेल. हे जाणकार माणसानेच बघायचं.

वायरमनला फोन करताना "मशीन बिघडलं" एवढंच सांगू नका. मोटरच्या पाटीवर फेज, एच.पी., व्होल्ट, अँपिअर लिहिलेलं असतं, ते वाचून दाखवा. आवाज येतो का, केव्हापासून बंद आहे, त्याआधी काय झालं, तेही सांगा. म्हणजे तो योग्य सामान घेऊनच येईल, आपली एक फेरी वाचेल.

"वाइंडिंग गेलं" असं कुणी म्हणालं, तर विचारा, "दादा, मेगर लावून बघितलं का? कपॅसिटर तपासला का?" विचारण्यात कसला कमीपणा? पैसा गटाचा आहे. नवा कपॅसिटर जुन्याच मापाचा घ्या, काढलेला भाग परत मागा, पावती घ्या. मशीन वॉरंटीत असेल तर ते उघडण्याआधी विकणाऱ्याला कळवा.

शेवटी एक काम. बैठकीचं इतिवृत्त आपण लिहितो, तशीच एक वही मशीनची करा. तारीख, काय झालं, कोणी दुरुस्त केलं, किती खर्च आला. पहिल्या पानावर मोटरच्या पाटीवरची माहिती आणि वायरमनचा नंबर. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने ही वही घेऊन यायचं. अध्यक्ष आणि सचिव ताईंनी याच आठवड्यात ती सुरू करावी, एवढी विनंती.