कोरे राहिलेले अठरा प्रश्न

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए.पर्यंतच. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरीत माझी भाची वकिलीच्या प्रवेश परीक्षेची पुस्तकं घेऊन माझ्याकडं आली, तेव्हा मला हसूच आलं. पण तिला विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची सीईटी २०१६ पासून होते. आता त्यात दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे, तेही संगणकावर. पहिल्या खेपेला पोरगी अठरा प्रश्न कोरे सोडून आली. का, तर 'खात्री नसेल तर हात लावू नका' असं मोबाईलवरच्या सरांनी सांगितलेलं. ते सर राष्ट्रीय पातळीवरच्या क्लॅटबद्दल बोलत होते! तिथं एका चुकीला पाव गुण कापला जातो. आपल्या सीईटीत गुण कापतच नाहीत. तिच्या वडिलांनी एकच संधी कबूल केली होती. मी रदबदली करून आणखी एक मिळवली आणि मगच तिच्यासोबत अभ्यासाला बसलो.

कायद्याच्या प्रश्नांत बऱ्याचदा वर नियम देतात, खाली प्रसंग. एकदा आला सतरा वर्षांचा पोरगा. कागदावर सही करून बैल विकतो, मग बैल द्यायला नकार देतो. मी म्हणालो, "दिला शब्द पाळायलाच हवा." चुकलं. वर स्पष्ट लिहिलं होतं, अठरा वर्षांखालच्या व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल. १८७२ च्या करार कायद्याचा अर्थ आपली न्यायालयं १९०३ पासून असाच लावत आलीत. भाची म्हणाली, "मामू, मन बाजूला ठेवा. लिहिलंय तेवढंच बघा." कवीला हे जड जातं, पण पोरीचं खरं होतं.

खरी अडचण शब्दांची. प्रश्न मराठीतही मिळतात, पण ही कुठली मराठी? फिर्याद, जामीन, वारस, तारीख हे शब्द आमच्या घरात आणि शेजारच्या पाटलांच्या घरात सारखेच. बांधाचं भांडण पेटलं की दोन्हीकडून तेच बाहेर पडतात. पुस्तकात मात्र संविदा, प्रतिफल, अपकृत्य. मग तिनं वहीत तीन रकाने आखले. कॉन्ट्रॅक्ट, संविदा, करार. टॉर्ट, अपकृत्य आणि तिसऱ्या रकान्यात काहीच सुचेना. शेवटी लिहिलं, 'म्हशीनं शेजाऱ्याचा कडबा खाल्ला.' त्यानंतर तो शब्द ती कधी विसरली नाही.

आता रोज घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका. येणारं आधी, अडलेलं मागून, आणि शेवटची पाच मिनिटं फक्त कोऱ्या जागांसाठी. परवा तिचे वडील दारातच थांबले. इतके दिवस त्यांनी अभ्यासाचा विषय काढला नव्हता.

"किती सुटले?" त्यांनी विचारलं.

"लिहिले सगळे, अब्बा. चुकले किती, ते आता बघते."

ते चप्पल काढून आत येऊन बसले.