नकारानंतरचे तीस दिवस

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)

याच पटांगणात माझ्यासह कवायत चुकवणारे वर्गबंधू-भगिनीहो,

अशा प्रसंगी आठवणी सांगण्याचा प्रघात आहे. मी मात्र एका सरकारी पत्राविषयी बोलणार आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतील मराठीच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. ‘ते पद आता मंजूर नाही,’ असे तोंडी सांगितले जाई; कागद कोणी दाखवीना. तेव्हा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मी मंजूर पदांचा तक्ता मागितला. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत असावा, असे कलम ६ सांगते; म्हणून मराठी शाळेसाठीचा अर्ज मी तेलुगूत लिहिला. माझ्या तेलुगूवर कार्यालयाने शेरा मारला नाही, हे उपकारच.

उत्तर एका ओळीचे आले : ‘माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’

बहुतेक जण येथेच थांबतात. वस्तुतः नकार देताना कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवणे कलम ७(८) नुसार बंधनकारक आहे. माझ्या पत्रात मुदतही नव्हती, अधिकारीही नव्हता. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत, माहिती अधिकाऱ्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. माझा पहिला मसुदा मी फाडून टाकला. त्यात विशेषणे पुष्कळ होती, कलम एकही नव्हते. दुसरा एका पानाचा झाला. मी पद विचारले आहे, व्यक्ती नव्हे. तक्त्यात नावे असतील तर कलम १० प्रमाणे ती वगळून उरलेला भाग द्यावा. आणि नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) ने नाकारणाऱ्यावरच टाकली आहे, एवढेच त्यात होते.

धीर मिळाला तो एका विद्यार्थ्याच्या खटल्यामुळे. आदित्य बंदोपाध्याय यांनी २००८ साली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्यास मागितली. परीक्षा मंडळ असलेल्या सीबीएसईने विश्वासाश्रित नात्याचे कारण पुढे करून ती नाकारली. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी निकाल लागला : परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, परीक्षकाची ओळख मात्र उघड करू नये. फेरतपासणी मिळाली नाही, हेही सांगितले पाहिजे. हक्क पाहण्याचा होता, गुण वाढवून घेण्याचा नव्हे.

पहिल्या अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, फार तर कारणे नोंदवून ४५ दिवसांत व्हावा लागतो. तेथेही निराशा झाली तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. तेथील रांग लांब असते, म्हणून पहिलेच नीट लिहावे. माझ्यावर ती वेळ आली नाही. सुनावणी दहा मिनिटे चालली आणि आठवडाभरात तक्ता हाती पडला. मराठीपुढे लिहिले होते : मंजूर १, कार्यरत ०.

संस्थेने तो कागद जोडून पाठपुरावा केला, तरी पद भरायला आणखी दीड वर्ष गेले. त्या काळात निवृत्त झालेल्या बाईच आठवड्यातून तीन दिवस येऊन दहावीला विनामोबदला शिकवीत राहिल्या. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना न विचारता हे सांगितले, याबद्दल त्यांची क्षमा मागतो.