जुन्या नळातला नवा नळ



ह्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, अशी आपली जुनी रीत आहे. मी विद्वान नव्हे. दहावीला शाळा सुटली. पुढचे शिक्षण पाणीपुरवठा खात्याच्या चौकीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तीस वर्षे कामगारांची संघटना बांधण्यात गेली. तेव्हा मी आज रस्त्याखालच्या नळाविषयी बोललो, तर आपण मला क्षमा कराल.

मी बिगारी असताना एका गळतीसाठी आम्ही पुरुषभर खोल चर खणला होता. बाजूला फळ्यांचा आधार द्यायला हवा होता. मुकादमाने मागितला, वरून मिळाला नाही. दुपारी एक बाजू ढासळली आणि माझा जोडीदार छातीपर्यंत मातीत गेला. आम्ही हातांनी माती उपसून त्याला काढले. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. पुढे अनेक वर्षांनी मी वाचले, की रस्ता न खोदता नळाच्या आतच नवा नळ तयार करता येतो. तेव्हा प्रथम मला तो जोडीदार आठवला. आणि लगेच दुसरा विचार आला : खोदायचेच नसेल, तर आमच्या लोकांच्या हाताला काम कोण देणार? ह्या दोन विचारांच्या ओढाताणीतूनच मी ह्या विषयाच्या मागे लागलो.

ही युक्ती लंडनची. १९७१ साली एरिक वुड नावाच्या गृहस्थाने तेथील हॅकनी भागात विटांच्या शंभर वर्षे जुन्या गटारात, सुमारे सत्तर मीटर लांबीवर, ती प्रथम वापरली. तिचे सूत्र आपल्या घरातल्या बाईमाणसाला सहज समजेल. उशीची खोळ आपण उलटी करतो ना, तसेच हे आहे. नळाच्या मापाची जाड नमद्याची लांबलचक पिशवी शिवायची, ती पातळ रासायनिक राळेत भिजवायची, आणि तिचे तोंड नळाच्या तोंडाशी घट्ट बांधून आत पाण्याचा किंवा हवेचा दाब द्यायचा. पिशवी उलटत उलटत पुढे सरकते. राळेने भिजलेली आतली बाजू बाहेर येऊन जुन्या नळाच्या अंगाला चिकटते. मग आत गरम पाणी किंवा वाफ फिरवायची, नाहीतर अतिनील दिव्यांची गाडी ओढायची. काही तासांत राळ पिकते व दगडासारखी होते. जुन्या नळाच्या पोटात सांधा नसलेला नवा नळ तयार! घरांच्या जोडण्या झाकल्या जातात. गटारात यंत्राचा छोटा हात पाठवून, कॅमेऱ्यात पाहत, त्या पुन्हा कापून मोकळ्या करतात.

आता मुद्द्याचे सांगतो. उताराने वाहणारे गटार वेगळे आणि दाबाखालची वाहिनी वेगळी. गटारातल्या अस्तराला मुख्यतः बाहेरून त्रास असतो : जमिनीतले पाणी त्याला आत दाबते. पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत, किंवा पंपाने मैला चढावर ढकलणाऱ्या वाहिनीत, उलट आहे. तिथे पाणी आतून बाहेर रेटते. साठ सेंटिमीटर व्यासाचा नळ घ्या, आणि आत साठ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब धरा. दर चौरस सेंटिमीटरला हा दाब सुमारे सहा किलो होतो. एक मीटर लांबीचा तुकडा उभा चिरून टाकण्याचा जोर काढा. साठ सेंटिमीटर रुंदी, शंभर सेंटिमीटर लांबी, गुणिले सहा किलो : छत्तीस हजार किलो, म्हणजे छत्तीस टन! तो नळाच्या दोन बाजूंनी अठरा अठरा टन वाटून घ्यायचा असतो. शिवाय वीज जाऊन पंप एकाएकी थांबला, की पाण्याचा जो हातोडा बसतो तो निराळाच.

म्हणून दाबाच्या नळाला अस्तर घालताना विचारायचे, की हा भार कोण पेलणार? अमेरिकेतल्या जलपुरवठा संघटनेने अस्तरांचे चार वर्ग केले आहेत. पहिला नुसता गंज अडवतो. दुसरा व तिसरा लहान भोके व फटी ओलांडू शकतो, पण अंग टाकतो जुन्या नळावरच. चौथा मात्र जुना नळ उद्या सडून नाहीसा झाला, तरी एकटा दाब पेलतो. त्यासाठी बहुधा काचतंतूंची जोड देऊन अस्तर बळकट करावे लागते. पहिल्या वर्गाचे काम चौथ्याच्या नावाने झाले, तर वरून पाहणाऱ्याला काही कळायचे नाही. ते कळेल पाच-दहा वर्षांनी, रस्त्यावर कारंजे उडाल्यावर.

दाबाच्या नळात घराघराच्या जोडण्यांचाही प्रश्न अवघड. भोक नुसते कापून भागत नाही. त्याच्या कडेने पाणी अस्तराच्या मागे शिरले, तर जुना नळ पूर्वीप्रमाणेच गळत राहतो. कडा पक्की बंद करावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी त्यासाठी छोटे खड्डे खणावेच लागतात. काम चालू असता वस्तीला तात्पुरत्या नळाने पाणी द्यावे लागते. आणि राळ पिण्याच्या पाण्याला चालणारी, तपासलेलीच हवी. तेव्हा ‘न खोदता’ म्हणजे ‘न कष्टता’ असे कोणी समजू नये.

आता कष्ट करणाऱ्यांकडे वळतो. अस्तर घालण्यापूर्वी गटार धुऊन स्वच्छ करावे लागते. ते कोण करतो? पाण्याचा जोरदार फवारा व शोषणयंत्र हे काम करू शकतात. पण जिथे माणूस स्वस्त मिळतो, तिथे त्यालाच उतरवले जाते. मॅनहोलमधल्या गॅसला कुजक्या अंड्याचा वास येतो. मात्र प्रमाण वाढले की नाक मेल्यासारखे होते, आणि वास नाही म्हणून माणूस निर्धास्त उतरतो. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावयास सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली हे योग्यच झाले. पण वाढवायची पाळी यावी, ह्यातच सारे आले.

राळेचेही एक औषध सांगतो. गटारांसाठी वापरतात त्या राळेत बहुधा स्टायरिन नावाचे द्रव्य असते. त्याची वाफ डोळ्यांना, घशाला झोंबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली ते मनुष्याला बहुधा कर्करोगकारक ठरवले. ही वाफ गटाराच्या जोडण्यांतून शेजारच्या घरांतही शिरू शकते. म्हणून वारा खेळवणे, गॅस मोजणे, तोंडाला योग्य मुखवटा, आणि शेजाऱ्यांना आधी सूचना, ही कंत्राटाची कलमे हवीत; कंत्राटदाराची मेहरबानी नव्हे.

राहिला रोजगाराचा प्रश्न. तरुणपणी मी यंत्राला विरोध केला असता. आज करत नाही. ज्या चराने माझ्या जोडीदाराचा पाय घेतला, तो चर टिकवण्यासाठी मी भांडणार नाही. पण माझी मागणी आहे. कोणता नळ कुठे वळतो, कोणती झडप अर्धीच फिरते, कोणती जोडणी नकाशावर नाही, हे जुन्या चावीवाल्याला ठाऊक असते. कॅमेरा त्याच्याच मुलाच्या हाती द्या, अस्तराच्या चाचणीला त्यालाच उभे करा. पावड्याचे काम गेले तर जाऊ द्या. पावडेवाला जाता कामा नये.

तेव्हा उद्या आपल्या रस्त्यावर हे काम निघाले, तर आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. हे अस्तर दाब एकटे पेलणार का, आणि त्याची चाचणी कोणी केली? खाली माणूस उतरणार का, उतरला तर कोणत्या साधनांनिशी? आणि त्या माणसाचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इंजिनियर देईल. पुढच्या दोन प्रश्नांसाठी आपल्याला थोडे मोठ्याने बोलावे लागेल.