नोंदवही कुणाच्या हातात?

(यावल येथे युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी प्रोग्रामर आहे. ग्रंथालयं चालवायचं 'कोहा' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्यावर काम करतो. वस्तीतल्या म्हाताऱ्या विचारतात, "भाऊ, तू नेमकं करतो तरी काय?" मी सांगतो, पुस्तकांची वही लिहितो. ते खोटं नाही. ग्रंथपालाच्या टेबलावरची दाखल नोंदवही, कार्डांची लाकडी कपाटं, देवघेवीचं रजिस्टर, हे सगळं आता यंत्राच्या पोटात गेलंय. पण वही ती वहीच. आणि वही लिहिणारा कोण, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

आपल्या तालुक्याचंच घ्या. डिसेंबर १९३६ मध्ये इथं फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं पहिलं. त्याची पुस्तकं, अहवाल, फोटो ग्रंथालयांत नोंदलेले सापडतात. त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं. पंधराशे प्रती. म्हणजे आपल्या चळवळीचा सर्वांत मोठा ग्रंथ हा स्वखर्चानं काढलेलं चोपडं होता! तो जगभर गेला म्हणून वाचला. पण त्याच्यासारखी शेकडो चोपडी, जलशांच्या वह्या, जयंतीच्या स्मरणिका, चार अंकांत बंद पडलेली अनियतकालिकं? प्रकाशक नाही, किंमत नाही, कधी कधी सालसुद्धा नाही. ग्रंथपाल म्हणतो, नोंद कशी करू? रकाने भरत नाहीत. रकाने भरत नाहीत म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पुस्तक नाही, आणि पुस्तक नाही म्हणून उद्या एखादा विद्वान लिहिणार की या लोकांनी काही लिहिलंच नव्हतं.

बरं, नोंद झाली तरी कुठं होते? एका ग्रंथालयात मी कवितासंग्रह शोधत होतो. नाव घेत नाही. संग्रह होता, पण कवितेत नव्हता. 'मागासवर्गीयांचे प्रश्न' या विषयाखाली होता. कवी आपला म्हटल्यावर कविता ही कविता राहत नाही, ती 'प्रश्न' होते. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर नावाची काळी बाई १९३० पासून ग्रंथपाल होती. तिनं पाहिलं, ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात काळ्यांसाठी दोनच आकडे वापरले जातात: ३२६ म्हणजे गुलामगिरी आणि ३२५ म्हणजे वसाहती. काळ्या माणसाची कविता असली तरी तिथंच कोंबायची. या बाईनं ते झुगारलं. कविता कवितेत ठेवली, इतिहास इतिहासात, आणि काळ्यांच्या लेखनाचा एक प्रचंड संग्रह उभा केला. आणि तो मेल्व्हिल ड्यूई? त्याच्या क्लबात ज्यूंना आणि काळ्यांना प्रवेश नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं आपल्या पदकावरचं त्याचं नाव काढायचं ठरवलं. त्याचे आकडे मात्र अजून सगळ्या जगाच्या कपाटांवर आहेत.

आता कोहाचं सांगतो. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा लहानसा भाग आहे. तिथल्या ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर साल २००० उजाडलं की बंद पडणार होतं. नवं घ्यायला पैसा नव्हता. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी एका छोट्या कंपनीकडून स्वतःचंच लिहून घेतलं आणि जगाला मोकळं करून दिलं. घ्या, उघडा, बदला, पुढं द्या. कोहा हा माओरी शब्द. माओरी म्हणजे तिथले मूळ रहिवासी. अर्थ भेट, पण परतफेडीची जबाबदारी असलेली भेट. पुढं एका अमेरिकन कंपनीनं ह्या नावाचाच ट्रेडमार्क न्यूझीलंडमध्ये मागितला. फुकट दिलेल्या वस्तूचं नाव लाटायचं! २०११ मध्ये हे बाहेर आलं, ग्रंथालयानं लोकांकडे मदत मागितली, आणि शेवटी निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला.

मला ह्यात काय सापडलं ते सांगतो. विकतचं सॉफ्टवेअर म्हणजे कुलूपबंद वाडा. ओसरीपर्यंत या, माजघरात येऊ नका. इथं माजघर उघडं आहे. कोहाची शोधयंत्रणा मुळात रोमन लिपीच्या हिशेबानं मांडलेली. देवनागरीसाठी दुसरी पद्धत चालू करावी लागते. तेवढं करूनही घोळ राहतोच. 'पँथर' घ्या. कुणी पँथर लिहितो, कुणी पॅंथर, कुणी पॅन्थर. यंत्राला हे तीन वेगळे शब्द. 'वऱ्हाड'मधला र दोन तऱ्हेनं टंकता येतो, डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला दोन. एक तऱ्हा शोधली तर दुसरीतली पुस्तकं गायब. आता हे कोण दुरुस्त करणार? न्यूझीलंडवाला? त्याला काय माहीत पँथर कोण होते! हे आपल्यालाच करावं लागतं. एका नावाची सगळी रूपं एका नोंदीत बांधायची, म्हणजे कुठलंही टंकलं तरी सगळं सापडतं. तसंच माणसांचं. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक हे दोन वेगळे शाहीर, हे यंत्राला कुणीतरी जाणत्यानंच सांगावं लागतं.

दुरुस्ती पाठवली की ती दुसरा तपासतो, मग तिसरा, मग ती मूळ सॉफ्टवेअरमध्ये जाते. तुमच्या नावासकट. कुणी, कधी, कुठली ओळ लिहिली, सगळ्यांना दिसतं. ज्यांच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, त्यांना ह्याचं अप्रूप कळेल. पण उगाच स्वर्ग दाखवत नाही. फुकट काम करायला पोट भरलेलं लागतं, आणि आपल्या देशात कुणाची पोटं भरलेली आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. चर्चा सगळी इंग्रजीत. कंपनीच्या कँटीनमध्ये आडनाव विचारणारे इकडंही भेटतात. शिवाय सॉफ्टवेअर फुकट असलं तरी वीज, हार्ड डिस्क, वही भरणाऱ्याचा रोज हे फुकट नाही.

तरी हे आपल्या हातात येण्याजोगं आहे. परवान्याचा पैसा लागत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, इंटरनेट नसलं तरी चालतं. रकाने आपण ठरवू. प्रकाशक नाही? 'स्वखर्चाने' लिहू. साल नाही? ज्यांच्या घरात ते चोपडं होतं त्यांना विचारून अंदाजे साल टाकू, आणि अंदाजे आहे असंही लिहू. गाणं कुणी रचलं आणि कुणी उतरवलं, दोघांची नावं. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी कागदावर आणली, १९५२ मध्ये पुस्तक निघालं, म्हणून आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपल्या जलशातल्या बायांची गाणी कुणाच्या कागदावर आहेत?

तर काम असं. घरातल्या ट्रंका उघडा. वाळवी लागलेलं असलं तरी आणा, फेकू नका. आम्ही फोटो काढू, नोंद करू आणि मूळ प्रत त्याच दिवशी परत देऊ. मराठी युनिकोडमध्ये टंकता येणारी दोन पोरंपोरी पाहिजेत, आणि जुनी माणसं ओळखणारं एखादं म्हातारं माणूस तर पाहिजेच. कॉम्प्युटर माझा आहे. बसायला जागा तेवढी तुम्ही बघा.