पगारातून कापलेला पैसा जातो कुठे?



गावातला मुलगा आयटीआय होतो आणि चाकणला नाहीतर वाळूजला एखाद्या कारखान्यात नोकरीला लागतो. पगार ठरतो १५,००० रुपये. महिना भरतो आणि बँकेत जमा होतात १२,८८७. घरात चर्चा सुरू होते. वडील म्हणतात, "मधल्यानं खाल्ले." मुलगा म्हणतो, "टॅक्स कापला." खरं काय ते पगाराच्या चिठ्ठीत असतं, आणि ती चिठ्ठी कोणी वाचलेली नसते. ती कशी वाचायची, ते आज पाहू.

आधी मूळ आकडा. मालक देईल तो पगार, असं कायदा मानत नाही. १९४८ साली आपल्याकडे किमान वेतनाचा कायदा झाला. त्याची जागा आता वेतन संहितेनं घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुना कायदा यादीत घातलेल्या धंद्यांपुरता होता. नवी संहिता किमान वेतनाचा हक्क सर्वच कामगारांना देते. काम किती कौशल्याचं आणि कोणत्या भागातलं, हे पाहून सरकार दर ठरवतं. त्याहून कमी पैशांत काम करीन असं कामगारानं लिहून दिलं, तरी त्या कागदाला किंमत नाही. ठरल्या तासांपेक्षा जादा काम झालं, तर त्या तासांचा मोबदला दुप्पट दरानं.

पगार कधी मिळावा, हेही ठरलेलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ साली ज्या मागण्या केल्या, त्यांत पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा, ही एक होती. एवढ्यासाठी माणसांना सभा भरवाव्या लागल्या! आज महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, असा कायदा आहे.

आता कपात. आपल्या मुलाच्या चिठ्ठीवर तीन रकमा कापलेल्या आहेत, आणि तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

पहिली रक्कम १,८०० रुपयांची. ही भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे आपण ज्याला पीएफ म्हणतो त्याची. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं, त्याचे शेकडा १२. हा कर नव्हे. हा पैसा मुलाचाच आहे. त्याच्याच नावावर जमतो आणि त्यावर व्याज मिळतं. शिवाय मालकानं आपल्या पदरचे तितकेच १,८०० घालायचे असतात. त्यांतले १,२५० निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात आणि ५५० मुलाच्या निधीत. थेंबे थेंबे तळे साचे, ते असं. मात्र निवृत्तिवेतन मिळायला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. नोकरी बदलली की पीएफ काढून मोकळं होणारी मुलं ही वर्षं हातची घालवतात. खातं नव्या नोकरीत वळवून घ्यावं, म्हणजे वर्षं जोडली जातात.

दुसरी रक्कम ११३ रुपयांची. ही कामगार राज्य विम्याची. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ही योजना आहे. कामगाराकडून शेकडा पाऊण रुपया, मालकाकडून शेकडा सव्वातीन. यातून कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना दवाखाना मिळतो, आजारपणात पगाराचा काही भाग मिळतो, कामावर अपघात झाला तर भरपाई मिळते. पुष्कळ घरांतून दरमहा वर्गणी जाते, आणि आजार निघाला की ती माणसं सावकाराकडे जातात. कारण विम्याचं कार्ड पेटीच्या तळाशी आणि त्याचा उपयोग कोणाला ठाऊक नाही!

तिसरी रक्कम २०० रुपयांची. हा मात्र कर आहे: व्यवसाय कर. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. बायकांना पंचवीस हजारांपर्यंत हा कर नाही. १ एप्रिल २०२३ पासून तशी सवलत आहे. आपल्या राज्यात हा कर १९७५ साली आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हात आपण पाहिले किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकले. त्या हातांना काम देण्यासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून पैसा काढायचा, असा तो विचार होता.

हिशेब जुळला. पण खरी मेख पुढेच आहे. कापलेला पैसा भरला का? चिठ्ठीवर कपात दिसते आणि खात्यात काही नाही, असंही घडतं. ठेकेदाराकडच्या कामात अधिकच. कामगाराचा हिस्सा कापून तो न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून वसूल करणं हेही बेकायदा आहे. ठेकेदारानं पैसे बुडवले, तर ज्या कारखान्यात काम चालतं त्याची जबाबदारी संपत नाही.

म्हणून चार गोष्टी करा. पगाराची चिठ्ठी मागून घ्या. ती देणं मालकावर बंधनकारक आहे. पीएफचा बारा आकडी क्रमांक वहीत लिहून ठेवा. तो नोकरी बदलली तरी बदलत नाही. पीएफचं पासबुक मोबाईलवर पाहता येतं; दर महिन्याला पाहा आणि चिठ्ठीशी ताडून घ्या. रक्कम दिसली नाही, तर आधी कारखान्यात विचारा. उत्तर मिळालं नाही, तर चिठ्ठीची नक्कल जोडून पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या. दर कमी मिळत असेल, तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शेकडेवारी शिकवताना नफा-तोट्याची गणितं आपण घालतोच. एखादं गणित पगाराच्या चिठ्ठीचंही घाला. पंधरा हजारांचे शेकडा बारा किती, हे वर्गातल्या पोराला आलं, तर पाच वर्षांनी तोच पोर ठेकेदाराला विचारील, "साहेब, माझे अठराशे आणि तुमचे अठराशे, दोन्ही कुठे भरले ते दाखवा." असा प्रश्न विचारणारा कामगार सहसा फसत नाही.