अभंग बोटांवर मोजावा

 

आपल्या दिंडीला १०० वर्षं झाली. या प्रसंगी आम्हाला दोन शब्द बोलायला उभं केलं. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. वडीलधाऱ्यांनी बोटांवर शिकवलं, तेवढंच सांगतो.

मोठ्या अभंगाला चरण चार. पहिल्या तिन्हींत ६-६ अक्षरं, चौथ्यात ४, एकूण २२. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. 'एका जनार्दनी' मोजा, सहा भरतात. 'ज्ञानदेव म्हणे' तेही सहा. 'तुका म्हणे' चारच, म्हणून पुढं आणखी दोन अक्षरं लागतात. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लहान अभंगाचे चरण दोनच, ८-८ अक्षरांचे, यमक दोन्हींच्या शेवटी.

आता हात पुढं करा. अंगठा सोडून चार बोटांची पेरं बारा. मोठ्या अभंगाचे पहिले दोन चरण एका हातावर बसले. दुसऱ्या हातावर सहा आणि चार, दहा झाले. करंगळीची दोन पेरं मोकळी राहिली. तिथं श्वास घ्यायचा, तिथंच टाळकऱ्यांनी उचलायचं.

आता आमची चूक सांगतो. ऐन तिशीत एक अभंग आम्ही नुसता ऐकून पाठ केला. दुसऱ्या चरणातला 'नाही' आमच्याकडून गळाला. ती जागा आम्ही आलापानं भरायचो, लोक माना डोलवायचे. सात वर्षं तसंच गायलो. भंडीशेगावच्या मुक्कामी म्हाताऱ्या विणेकरीबुवांनी टाळ थांबवले. म्हणाले, "बाबा, बोटं मोज." चारच भरली. गाथा उघडली. संत जे नको म्हणत होते, तेच आम्ही करा म्हणून सांगत होतो! त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ज्यांनी ते ऐकलं, त्यातले कितीतरी वैकुंठाला गेले. त्यांना आता कुठं जाऊन सांगायचं?

पोरांनो, नव्या चाली लावा, आमची ना नाही. पण चालीसाठी 'माझा', 'रे' घुसवू नका, अक्षर गाळू नका. संतांच्या अभंगात कुठं एखादं अक्षर कमी-जास्त असतंही, गाताना ते सामावतं. म्हणून मोजणी चुकली तर आपल्या मनानं कापायचं नाही; आधी गाथा बघायची.

पाभरीची नळी तुंबली तर रिकामं तास उगवल्यावर दिसतं. अभंगाचं तसं नाही. बोटं जवळच आहेत, तिथल्या तिथं कळतं.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!