चुकीच्या उत्तरामागचा हिशोब

(दोंडाईचा इथे संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'ज्ञानरचनावाद'. शब्द मोठा आहे. तुमच्यापैकी ज्यांनी डी.एड. केलंय त्यांनी तो परीक्षेत लिहिला असेल, बाकीच्यांनी एखाद्या शाळेच्या भिंतीवर वाचला असेल. मी शिक्षक नाही. मी इथलाच, इंजिनिअरिंग करून आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसाचा निम्मा वेळ चुका शोधण्यात जातो. म्हणून मी चुकांबद्दलच बोलणार आहे, मुलांच्या चुकांबद्दल.

फळ्यावर एक वजाबाकी लिहितो: 52 वजा 27. माझी भाची चौथीत आहे. तिने उत्तर काढलं 35. आता आपल्या वर्गात काय होईल? लाल फुली पडेल, "लक्ष कुठे आहे?" हा प्रश्न येईल आणि हेच गणित पाच वेळा लिहायला सांगितलं जाईल. मी तिला एवढंच विचारलं, "कसं काढलंस?" ती म्हणाली, "मामू, दो में से सात जाताच नई ना, तो सात में से दो निकाली."

मग मी तिला 83 वजा 48 दिलं. उत्तर 45. 61 वजा 35 दिलं. उत्तर 34. दोन्ही उत्तरं ती लिहिण्याआधीच मी मनात सांगू शकत होतो. म्हणजे ही पोरगी बेफिकीर नाही. ती एक नियम अगदी इमानदारीने पाळतेय. पहिलीत तिला कुणीतरी सांगितलंय की नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. तेव्हा ते बरोबरही होतं. तिने तोच नियम प्रत्येक घराला लावला. हेच गणित तिच्याकडून पाच वेळा लिहून घेतलं असतं, तर चुकीचा नियम पाच वेळा पक्का झाला असता.

आमच्या कामात एक शिस्त असते. प्रोग्राममध्ये बिघाड आला की आधी तो पुन्हा घडवून बघायचा. कोणता आकडा टाकला की तो येतो, कोणता टाकला की येत नाही, हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी 1978 मध्ये हेच मुलांच्या वजाबाकीला लावलं. त्यांनी 'बगी' नावाचा संगणक प्रोग्राम केला, जो मुलांसारखीच चुकीची उत्तरं काढून दाखवायचा. मुलांच्या कितीतरी चुका अंदाधुंद नसतात, त्यांच्यामागे एक ठरलेली, पण कुठेतरी बिघडलेली रीत असते, हे त्यातून दिसलं. माझ्या भाचीची रीत ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध.

ज्ञानरचनावादाचं मूळ इथेच आहे. जाँ पियाजे हा स्विस माणूस 1920 च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्यांचं काम करत होता. काम साधं होतं, बरोबर-चूक मोजायचं. पण त्याला चुकीच्या उत्तरांतच जास्त रस वाटू लागला. एका वयाची मुलं एकाच प्रकारे का चुकतात? तो त्यांच्याशी बोलत बसला आणि पुढे आयुष्यभर तेच करत राहिला. त्यातून जे आलं ते थोडक्यात असं: मूल म्हणजे रिकामा माठ नाही. त्याच्या डोक्यात जगाबद्दल आधीच काहीतरी मांडणी असते आणि नवं जे येतं ते त्या मांडणीत बसवायचा ते प्रयत्न करतं. बसलं नाही तर कधी मांडणी बदलते, कधी नवी गोष्टच वाकवली जाते. रशियाच्या लेव वायगॉट्स्कीने त्यात माणसं आणली. मूल एकट्याने जे करू शकत नाही, ते जाणत्याच्या थोड्या आधाराने करू शकतं, आणि शिकवायची जागा तीच. तुम्ही संध्याकाळी दोन तास सतरंजीवर जे करता ते वायगॉट्स्कीच्या हिशोबात फार मोलाचं आहे.

आता आपल्याकडची एक खास अडचण. मूल 'बावन्न' ऐकतं आणि 25 लिहितं. का? कारण 'बावन्न'मध्ये दोन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. उर्दूतही 'बावन', तीच गत. आता हे मूल उर्दू शाळेतून आलेलं असेल तर आणखी एक गंमत बघा. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्या दिशेने आधी दोन, मग पाच लिहिलं तर कागदावर 52 च उमटतं! पण मराठी वहीत हात डावीकडून निघाला की त्याच क्रमाने 25 होतं. प्रत्येक मुलाच्या बाबतीत हेच कारण असेल असं माझं म्हणणं नाही. विचारून बघा.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावन्नसाठी 'पन्नास दोन' असं म्हणण्याचा पर्याय दिला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विधानसभेत विनोद झाले, व्हॉट्सअॅपवर तर विचारूच नका. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांचा मुद्दा सरळ होता: इंग्रजीत आणि दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी बोलतात, मुलाला जे ऐकू येतं तेच लिहायचं असतं, आपल्या मुलाला मात्र उलटं करावं लागतं. नवी नावं आवडोत न आवडोत, पण चर्चा मूल कसा विचार करतं यावर व्हायला हवी होती. ती झाली भाषेच्या अस्मितेवर. मला आजही याचं वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट बाजारातली. आपल्या वर्गातली निम्मी पोरं संध्याकाळी अब्बूच्या हातगाडीवर नाहीतर दुकानात बसतात, मिरचीच्या हंगामात तर विचारायलाच नको. अशा पोराला विचारा, पाव किलो 15 रुपयांना, तर दीड किलो कितीला? पाव पंधरा, किलो साठ, वरचा अर्धा तीस, नव्वद. तोंडी, एका दमात. तेच गणित वहीत द्या: 250 ग्रॅमची किंमत 15 रुपये, तर 1500 ग्रॅमची किती? पेन अडतं. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांवर 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. गाडीवर त्यांची 98 टक्के उत्तरं बरोबर, आणि तसेच हिशोब नुसत्या आकड्यांत कागदावर दिले तर 37 टक्के. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत असंच पाहिलं, 2025 मध्ये ते 'नेचर'मध्ये आलं. त्यात उलटी बाजूही होती: शाळेत शिकणारी, पण बाजारात काम न करणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळली.

तेव्हा 'याला गणित येत नाही' हे वाक्य जरा जपून. येतं, पण त्याच्या गाडीवरून वहीपर्यंत रस्ता कुणी बांधलेला नाही. तो बांधणं हे आपलं काम. आणि त्यासाठी त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या. घरची उर्दू असो, गल्लीतली अहिराणी असो. विचार त्या भाषेत चाललाय आणि उत्तर आपण प्रमाण मराठीत मागतो. मग पोरगं गप्प बसतं आणि आपण म्हणतो, 'मठ्ठ आहे.'

हे सगळं परदेशी आहे असं कुणी म्हणालं तर त्याला वर्ध्याची आठवण द्या. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली आणि योजना आखायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, तेव्हा जामिया मिलियाचे प्रमुख, पुढे राष्ट्रपती. हाताने काम करता करता त्याच कामातून गणित, भाषा, भूगोल शिकायचा, ही 'नई तालीम'. सूत काततानाच तार मोजायचे, कापूस कुठून आला ते शोधायचं. अलीकडचं बघाल तर 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा याच विचारावर उभा आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या झेडपी शिक्षकांनी तो वर्गात उतरवून दाखवला. राज्यभरातून शिक्षक बघायला गेले. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि गावोगावच्या शाळांच्या फरश्या रंगल्या. रंग सगळीकडे पोहोचला. 'कसं काढलंस?' हा प्रश्न तितका पोहोचला नाही, असं मला वाटतं.

तुमच्यातल्या एकाने मघाशी चहाच्या वेळी विचारलं, मग पाठांतर सोडायचं का? अजिबात नाही. आपल्या घरांत हिफ्ज करणारी मुलं आहेत, पाठांतराला किती मेहनत आणि काय शिस्त लागते हे आपल्याला कुणी सांगायला नको. पाढे पाठ हवेतच. माणसाच्या डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात. सात आठे छप्पन्न हे शोधावं लागलं तर पुढच्या पायरीला जागाच उरत नाही. मुलांना नुसतं मोकळं सोडलं की ती आपोआप ज्ञान रचतील, यावर किर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये कडक टीका केली आहे आणि मला ती बरीचशी पटते. नवशिक्याला नीट करून दाखवावंच लागतं. फक्त करून दाखवल्यावर त्याच्या डोक्यात काय उतरलं, हे बघायला थांबा.

घाई मलाही आहे. 2023 मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास करण्याची तरतूद परत आणली. आठवीत अडकलेला मुलगा गॅरेजवर जातो. मुलीचं काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहता, तिच्या घरी फक्त एक निमित्त हवं असतं. 52 वजा 27 मधला तो एक नियम तिसरी-चौथीत सापडला तर दहा मिनिटांत सुटतो. आठवीत त्याच्यावर दशांश अपूर्णांक, बीजगणित, सगळं रचलेलं असतं.

तर उद्यापासून एक करा. प्रत्येक वर्गात एक जाड वही ठेवा. रोज दोनच मुलांची दोनच चुकीची उत्तरं घ्या. फुली मारू नका. 'कसं काढलंस?' विचारा आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत उतरवून घ्या. सुधारू नका, मराठीतही आणू नका. बरोबर उत्तर आलेल्या एखाद्यालाही विचारत जा, नाहीतर पोरांना कळेल की हा प्रश्न चुकलेल्यांसाठीच आहे. नाव लिहायची गरज नाही, इयत्ता लिहा. महिनाभराने मी परत येईन, तेव्हा सगळ्या वह्या एकत्र ठेवू आणि कोणती रीत कुठल्या इयत्तेत दिसते ते मांडू. टेबल करायचं काम माझं.